कार्बाइडचा गॅस : जोड घट्ट, पण वाट मोकळी

अ‍ॅसिटिलीन जनरेटरबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. जनरेटर म्हणजे कॅल्शियम कार्बाइड पाण्यात भिजवून वेल्डिंगचा गॅस तयार करायची टाकी. मापं लहान दुकानाच्या हिशेबाची आहेत.

प्रश्न : आमचं कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. ग्रिल, गेट, ट्रॉलीची दुरुस्ती, पत्र्याचं वेल्डिंग अशी कामं असतात. कार्बाइडवर चालणारी गॅसची टाकी करून घ्यायचा विचार आहे. १० मिमी प्लेटची पूर्ण बंद टाकी केली आणि सगळीकडं आतून-बाहेरून वेल्डिंग मारलं, तर गळती राहणार नाही ना?

उत्तर : पूर्ण बंद टाकी करूच नका. प्लेट जाड घेतल्यानं धोका कमी होत नाही, फुटली तर तुकडे तेवढे जड होतात. एलपीजीला जळायला हवा लागते. अ‍ॅसिटिलीनचं तसं नाही. त्याचा दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंमीच्या (म्हणजे १५ पीएसआयच्या) वर गेला, की हवेचा कणही नसताना नुसत्या धक्क्यानं किंवा उष्णतेनं त्याचं कार्बन आणि हायड्रोजनमध्ये विघटन सुरू होऊ शकतं, आणि ते स्फोटाच्या वेगानं पसरतं. आता तुमच्या टाकीचा हिशेब बघा. बाजारातलं चांगलं कार्बाइड किलोला २८० लिटरच्या आसपास गॅस देतं. टाकीत १०० लिटर रिकामी जागा आहे, नोझल बंद आहे आणि आत १ किलो कार्बाइड भिजलं, तर दाब पावणेतीन किलोच्या घरात जातो. उष्णतेनं वाढेल तो वेगळाच.

गळती थांबवायची ती सांध्यांतली. जादा झालेल्या गॅसला बाहेर पडायची वाट मात्र कायम उघडी हवी, आणि त्या वाटेवर झडप नको, पाणी हवं. झडप गंजते, अडकते, ‘सारखी फुसफुसते’ म्हणून कोणीतरी तारेनं बांधून ठेवतं. पाण्याचं तसं होत नाही.

गावाकडची गोबरगॅसची तरंगती टाकी डोळ्यांसमोर आणा. तोच आराखडा इथं चालतो : खाली पाण्यानं भरलेली उघडी टाकी, तिच्यात पालथी घातलेली लोखंडी टोपी. गॅस आला की टोपी उचलते, वापरला की खाली बसते. दाब ठरतो तो टोपीच्या वजनावर. ६० सेंमी व्यासाची, ९० सेंमी उंच कडेची टोपी २ मिमी पत्र्यात केली, तर वजन सुमारे ३१ किलो भरतं आणि दाब ११ सेंमी पाण्याइतका मिळतो. १५ सेंमी हवा असेल तर आणखी ११ किलो वजन चढवावं लागतं. हे वजन टोपीच्या काठाला गोल पट्टी मारून सगळीकडं सारखं वाटा. वर दगड किंवा जुनं व्हील ठेवायची पद्धत बंद करा. एका बाजूला भार पडला की टोपी कलते, मार्गदर्शक खांबांत अडकते, आणि कललेल्या बाजूच्या कडेखालून गॅस निसटतो. ‘टाकी गळते’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत वेल्डिंगचा दोष नसून टोपी कललेली असते, असं पुष्कळदा निघतं. खांब तीन लावा आणि प्रत्येकावर सहज फिरणारी पुली ठेवा.

खालची टाकी ७० सेंमी व्यासाची आणि मीटरभर खोल घ्या. टोपी जास्तीत जास्त ६० सेंमी वर येऊ द्यायची. तेव्हा तिची ३० सेंमी कड बाहेरच्या पाण्यात असते. आतलं पाणी दाबामुळे १५ सेंमी खाली गेलेलं असतं, म्हणजे खरी पाण्याची अडवणूक १५ सेंमीच उरते. तेवढी पुरे, पण त्यापेक्षा कमी नको. जादा गॅससाठी टोपीच्या आतून दीड इंची नळी घ्या. ती टोपीच्या माथ्यातून वर बाहेर काढून तिथं पक्की वेल्ड करा, आणि तिचं खालचं तोंड टोपीच्या कडेपेक्षा १५ सेंमी वर ठेवा. टोपी ६० सेंमीला पोचली की नळीचं तोंड आतल्या पाण्याबाहेर येतं आणि जादा गॅस नळीतून वर निघून जातो, कडेखालून शेडात पसरत नाही. नळी टोपीबरोबर वर-खाली होते, म्हणून छपरातलं भोक ऐसपैस ठेवा, तोंड छपराच्या वर काढा, पावसासाठी टोपडं बसवा, आणि त्याच्या आसपास ग्राइंडरची ठिणगी, चूल, वायरचा उघडा जोड काही नको. जनरेटर भिंतीबाहेर, उघड्या पडवीत असावा. दुकानाच्या आत कधीच नको.

आता कार्बाइड कुठं भिजवायचं? लहान दुकानांत कप्प्यांच्या खणाची पेटी चालते. ती टाकीच्या पाण्यात बुडालेली ठेवली की थंड राहते. एका खणात ५०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नका. त्यातून १४० लिटर गॅस निघतो, आणि तुमच्या टोपीत मावतो सुमारे १७० लिटर. नियम एवढाच लक्षात ठेवा, की मधेच काम थांबलं तरी एका खणाचा सगळा गॅस टोपीत मावला पाहिजे. खणाचे पाच कप्पे करा, प्रत्येकात १०० ग्रॅम. कप्पा अर्ध्याच्या वर भरू नका, कारण भिजल्यावर होणारा चुना कार्बाइडपेक्षा बराच जास्त जागा घेतो, कप्पा ठासला की आतलं कार्बाइड कोरडं आणि तापलेलं राहतं. पहिला कप्पा पूर्ण बुडाल्यावरच पाणी दुसऱ्यात सांडेल अशी पट्टी ठेवा. टोपी ४५ सेंमी वर आली की साखळीनं पाण्याचा कॉक आपोआप बंद व्हायला हवा. पाणी तोडल्यावरही भिजलेला कप्पा गॅस देत राहतो, पण तो २८ लिटरच, आणि उरलेल्या १५ सेंमी उंचीत ४२ लिटर मावतो.

३ मिमी पत्र्याच्या वेल्डिंगला ताशी ३०० लिटरच्या आसपास गॅस लागतो. म्हणजे एक खण अर्धा ताससुद्धा पुरत नाही. म्हणून खण दोन करा, आळीपाळीनं चालवा, आणि दोघांच्या मध्ये असा कॉक बसवा, की एक उघडताना त्याची टोपीकडची वाट बंद झालेलीच असेल. खणाच्या दाराला नायट्रिल रबराचं गॅस्केट आणि मधोमध दाबणारा स्क्रू लावा. गॅस्केटवर चुन्याचा एक खडा राहिला तरी दार गळतं, म्हणून दर वेळी फडक्यानं पुसा. दार उघडण्याआधी खण पाण्यानं पूर्ण भरून घ्या.

पहिल्यांदा आणि प्रत्येक सफाईनंतर टोपीत हवा असते. अ‍ॅसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पेटतं. इतका रुंद पल्ला असणारे वायू फार थोडे आहेत. म्हणून टोपी दोनदा पूर्ण भरून उघड्यावर सोडून द्या, आणि तिसऱ्या वेळचा गॅस ब्लोपाइपला (वेल्डिंगच्या टॉर्चला) द्या. तासभराचं कार्बाइड वाया गेलं असं मनात आणू नका.

बांधायला घेण्याआधी आराखडा आणि जागा पेसोच्या (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या) नियमांत बसते का, ते विचारून घ्या. कार्बाइडचा साठा १९८७ च्या कॅल्शियम कार्बाइड नियमांखाली येतो. पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे.

प्रश्न : टाकी आणि ब्लोपाइप यांच्यात पाण्याचं सील असतं. आमचा हेल्पर म्हणतो, ते नुसता गॅस धुवायला असतं. ते काढून सरळ पाइप जोडला तर दाब चांगला मिळतो. चालेल का?

उत्तर : ते काढलं तर टाकी आणि ज्योत यांच्यात काहीच उरत नाही. नोझल चोंदलं किंवा जॉबला टेकलं, की ऑक्सिजन सोपी वाट शोधतो. त्याचा दाब काही किलो, तुमच्या गॅसचा दाब पाण्याचे १५ सेंमी. तो लाल नळीतून मागं टाकीकडं सरकतो. पाठोपाठ ज्योत मागं गेली, तर तिला टोपीपर्यंत तयार मिश्रण मिळतं.

सीलची रचना नीट समजून घ्या. गॅस आत आणणारी नळी पाण्यात ५ सेंमी बुडालेली असते. त्यामुळे दाब १५ वरून १० सेंमीवर येतो. तुमच्या हेल्परला जाणवतो तो हाच फरक. दाब कमी वाटत असेल तर टोपीचं वजन वाढवा, सीलला हात लावू नका. दुसरी नळी उघड्या हवेत जाणारी. तिचं खालचं तोंड आत येणाऱ्या नळीच्या तोंडापेक्षा वर असलं पाहिजे. मागून धक्का आला की पाण्याची पातळी खाली जाते, आधी उघड्या नळीचं तोंड मोकळं होतं, धक्का बाहेर जातो, आणि गॅसची नळी पाण्याखालीच राहते. ही दोन तोंडं उलट-सुलट लागली, तर सील असूनही नसल्यासारखंच. नवीन सील आलं की उघडून दोन्ही लांब्या मोजा. उघडी नळी पाण्याच्या वर निदान ३० सेंमी उंच ठेवा, नाहीतर रोजच्या दाबानंच पाणी बाहेर फेकलं जाईल. तिच्या माथ्याला नरसाळं लावलं की उडालेलं पाणी परत आत येतं.

पातळी पाहायचा छोटा कॉक बाजूला असतोच. सकाळी आणि जेवणानंतर गॅस बंद करून तो उघडा. थेंब थेंब पाणी आलं पाहिजे. काही आलं नाही तर भरा. ज्योत मागं गेल्यावर तर तपासल्याशिवाय पुन्हा पेटवूच नका. एका सीलवर एकच ब्लोपाइप. टी लावून दोघं काम करतात ते चुकीचं आहे, कारण एकाचा ऑक्सिजन दुसऱ्याच्या नळीत शिरतो.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या शेडात दिवसभर लसणासारखा वास येतो. साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर लावलं, बुडबुडा कुठंच नाही. गळती कुठं असेल?

उत्तर : शुद्ध अ‍ॅसिटिलीनला असा उग्र वास नसतो. वास येतो तो कार्बाइडमधल्या अशुद्धीतून तयार होणाऱ्या फॉस्फिनचा, आणि ते विषारी असतं. वासाची सवय होऊ देऊ नका.

जोडांवर बुडबुडा नसेल तर आधी चुन्याच्या लगद्याकडं जा. खणातून काढलेल्या लगद्यात न भिजलेले खडे असतात आणि ते तासन् तास गॅस देत राहतात. लगद्याचा डबा शेडात किंवा गटाराजवळ ठेवला असेल, तर वासाचं मूळ तिथंच. लगदा उघड्यावरच्या खड्ड्यात, भरपूर पाणी घालून ठेवा. गटारात सोडू नका. झाकलेल्या गटारात साचलेला गॅस दूरवर कुणाच्यातरी बिडीनं पेटू शकतो, आणि तोच चुना पुढं पंचगंगेत जातो. लगदा कातडी भाजण्याइतका तिखट असतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. पूर्ण निवल्यावर भिंतींना चुना म्हणून तो उत्तम.

तिथं नसेल तर टोपीची चाचणी करा. गॅस पूर्ण काढून, पाण्यानं धुऊन, टोपी साध्या हवेनं ५० सेंमीपर्यंत उचला. ऑक्सिजन कधीच वापरायचा नाही. सगळे कॉक बंद करून खांबावर खडूनं खूण करा आणि तासाभरानं बघा. तापमान १ अंश बदललं की उंची दीड-दोन मिमी बदलते, म्हणून चाचणी उन्हात नको, सकाळी लवकर करा. २ सेंमी उतरली तर ते तापमानामुळं नव्हे. पाण्याच्या पातळीच्या जरा वरचा पट्टा नीट बघा, पत्रा आधी तिथंच गंजून चाळणी होतो. शेवटी रबरी नळी पाण्याच्या बादलीत बुडवून वाकवा. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर बुडबुडे सोडते.

चीर टोपीत सापडली तर तिथल्या तिथं वेल्डिंग मारायला जाऊ नका. टोपी बाहेर काढा, आतला चुना खरवडून धुवा, वेल्डिंगची जागा तेवढी सोडून बाकी पोकळी पाण्यानं भरा, मगच टॉर्च जवळ आणा. कार्बाइडच्या रिकाम्या डब्याचंही तेच. रिकामा डबा गॅसनं कापणं हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्तात मिळणारा मृत्यू आहे.

प्रश्न : फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी स्वस्तात मिळते. गंजत नाही. गॅसलाइनला वापरू का?

उत्तर : नाही. ओल्या अ‍ॅसिटिलीनशी तांब्याची क्रिया होऊन कॉपर अ‍ॅसिटिलाइड तयार होतं. ते वाळल्यावर नुसत्या घासण्यानं फुटतं. चांदी आणि पाऱ्याचंही तसंच, म्हणून सिल्व्हर ब्रेझिंगचे सांधे आणि पाऱ्याचा मॅनोमीटर (दाबमापक) नको. लोखंडी किंवा जीआय पाइप घ्या, चुड्यांवर (आट्यांवर) टेफ्लॉन टेप लावा. पितळी कॉक चालतात, पण तांबं ६५ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या पितळेचे. लाइनला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक ठेवा. झोळ पडलेल्या पाइपात पाणी साचलं की ज्योत उचक्या देते आणि तिथूनच मागं जायला लागते.

प्रश्न : टोपीतला जादा गॅस फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं जुन्या एलपीजी सिलिंडरमध्ये भरून ठेवता येईल का?

उत्तर : कृपा करून हे करू नका, आणि कोणी करत असेल तर त्याला आजच थांबवा. कॉम्प्रेसरमध्ये तांबं, उष्णता आणि दाब तिन्ही एकत्र आहेत. बाजारात मिळणारा डीए (डिझॉल्व्ह्ड अ‍ॅसिटिलीनचा) सिलिंडर वेगळा असतो. तो आतून पोकळ नसतो, सच्छिद्र दगडासारख्या भरणानं भरलेला असतो, त्यात अ‍ॅसिटोन असतं आणि अ‍ॅसिटिलीन त्यात विरघळलेलं असतं. म्हणूनच तो १५ किलोच्या आसपास दाब सोसतो. एलपीजीच्या रिकाम्या सिलिंडरमध्ये हे काहीच नसतं.

प्रश्न : मग डीए सिलिंडरच घेतलेला बरा की स्वतःचा जनरेटर?

उत्तर : दिवसाला दोन-तीन तासच ज्योत लागत असेल, तर डीए घ्या. गॅस कोरडा आणि शुद्ध मिळतो, चुन्याची कटकट नाही, पावसाळ्यात कार्बाइड सांभाळायचं नाही. मात्र सिलिंडर उभाच ठेवा, आडवा पडला असेल तर उभा करून काही तास थांबा, नाहीतर अ‍ॅसिटोन नळीत येतं. ताशी सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त गॅस ओढू नका. सिलिंडरमध्ये ५ हजार लिटर असेल, तर ताशी ७०० हून कमीच घ्या. नुसतं कटिंग असेल तर ऑक्सिजनबरोबर एलपीजी पुरतो. पोलादाच्या वेल्डिंगला मात्र त्याची ज्योत कमी पडते, तिथं अ‍ॅसिटिलीनच हवं. जनरेटर परवडतो तो रोज सलग काम असेल, मोकळं आवार असेल, आणि खण भरण्यासाठी एकच जबाबदार माणूस नेमता येत असेल तेव्हा. तीनपैकी एक जरी गोष्ट नसेल तरी नका करू.

प्रश्न : खणातला चुना पांढरा न निघता पिवळसर-तपकिरी, डांबराच्या वासाचा निघतो. कार्बाइड खराब आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा कार्बाइड ठीक असतं, खण तापलेला असतो. १ किलो कार्बाइड भिजताना सुमारे ४०० किलोकॅलरी उष्णता सोडतं. १० लिटर पाण्यात ते झालं तर पाणी ४० अंशांनी तापतं, आणि थेंबाथेंबानं झालं तर एकेक खडा लाल होण्यापर्यंत मजल जाते. अशा तापात अ‍ॅसिटिलीनचे रेणू एकमेकांत जुळून डांबरासारखा पदार्थ बनतो, म्हणून तो रंग आणि वास. तुमचा पाण्याचा कॉक चोंदला आहे का ते बघा, कप्पे अर्ध्यापर्यंतच भरा, आणि भुकटी चाळून काढा. भुकटी एकदम भिजते आणि एकदम तापते. ती खणात ‘वाया जाऊ नये’ म्हणून घालू नका. उघड्यावर, भरपूर पाण्याच्या पिंपात, चिमूटचिमूट टाकून संपवा.

प्रश्न : पावसाळ्यात कार्बाइडचे डबे कुठं ठेवावेत? २०१९ आणि २०२१ ला आमच्या शेडात पाणी आलं होतं.

उत्तर : पुराच्या पट्ट्यात पावसाळ्यापुरता साठाच कमी ठेवा. डबे जमिनीवर नको, विटांवर फळी टाकून त्यावर ठेवा. खोली कोरडी, वरच्या बाजूला झरोके असलेली हवी, कारण गॅस हवेपेक्षा किंचित हलका असतो. आत दिव्याचं बटण नको, ते बाहेर घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी लागली की डबे उंच जागी हलवायला सुरुवात करा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत बसलात तर शिरोलीचा रस्ताच उरत नाही.

डबा उघडताना छिन्नी-हातोडा नको, ठिणगी न पाडणारं पितळी अवजार घ्या, कारण बंद डब्यातही ओलाव्यानं गॅस झालेला असतो. पाणी शिरलेला डबा परत झाकून ठेवू नका आणि गाडीत घालून नेऊ नका. उघडा करून, आगीपासून लांब, मोकळ्या हवेत सोडा. कार्बाइडला आग लागली तर पाणी आणि फोम दोन्ही नको. कोरडी वाळू किंवा ड्राय पावडर वापरा, आणि अग्निशमन दलाला फोन करताना ‘कार्बाइड आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.